काळविटांची बाग

निजामशाहींत बाग म्हणजे छाया आणि पाणी. १५८३ सालीं सलाबतखानानें अहमदनगरची फराहबाग पुरी केली, तेव्हां महालाभोंवतीं विस्तीर्ण तलाव होता. तो पुढें कोरडा पडला.

त्याच जिल्ह्यांत (सांप्रत अहिल्यानगर), कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें, १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें. क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. या धन्याची आवड शहाहून अगदीं निराळी! काळवीट शत्रूला दुरून हेरतो व धांवून निसटतो. त्याला उघडा माळ आणि आखूड गवत हवें. झाडी दाटली कीं गवत खुरटतें, दृष्टि अडते, लांडग्याला आडोसा मिळतो. म्हणून माळ ओसाड समजून लावलेलीं रोपें येथें उपकारक नव्हेत. झुडपें काढून कुसळी, पवन्या राखणें हेंच येथील माळीकाम. गवत अपुरें पडलें, तर कळप शेजारच्या ज्वारींत शिरतात, आणि रात्रीची राखण शेतकऱ्याला करावी लागते.