चौकचे नेताजी

आमच्या कर्जत-खालापूरकडचा माणूस नेताजी पालकरांचे नाव जरा छाती पुढे काढूनच घेतो. चौक हे त्यांचे गाव, इर्शाळगडाच्या पायथ्याकडचे. पण शाळेत आम्ही मुलांना शिकवतो ते ऐन उमेदीतले नेताजी. १६५९ साली अफझलखान पडला, त्या वेळचे सरनौबत; लोक ज्यांना 'प्रतिशिवाजी' म्हणत ते. पुढच्या नेताजींना आम्ही मास्तर मंडळी घाईघाईने उरकतो. मला मात्र तेच अधिक जवळचे वाटतात. माझीही चाळिशी उलटली, हे एक कारण असेल.

जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. नेताजी वेळेवर पोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांची सरनौबती काढली. ज्याच्या शब्दाखातर उभे तारुण्य खोगिरावर घालवले, त्याच्याच एका शब्दाने पायाखालची जमीन गेली! मानी गडी; विजापूरकरांकडे गेले. तेथून मिर्झाराजे जयसिंगांनी मनसब देऊन त्यांना मोगलांकडे ओढले. तेवढ्यात महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाची वक्रदृष्टी नेताजींवर वळली. कैद झाली, १६६७ साली धर्मांतर झाले, महंमद कुलीखान हे नवे नाव मिळाले आणि रवानगी झाली ती थेट काबूलकडे. वाटेत लाहोरला पळून जाण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला.

नऊ वर्षे! एवढ्या अवधीत पहिलीतले पोर दहावीत जाते. भातखाचरांच्या मुलखातला माणूस परक्या डोंगरांत लढत होता आणि परक्या नावाच्या हाकेला ओ देत होता. आतला नेताजी जसाच्या तसा राहिला असेल, हे मला पटत नाही. तो पुरता पुसला गेला, असेही म्हणवत नाही. कारण दख्खनेत पाठवले गेल्यावर, १६७६ च्या जूनमध्ये, ते महाराजांकडे परत आले. महाराजांनी प्रायश्चित्त देववून त्यांना स्वधर्मात घेतले. त्या काळी हे सोपे नव्हते. महाराजांच्या या थोरपणाचे गोडवे आपण गातो ते रास्तच आहे.

पण परतणाऱ्याचे काय? मधल्या काळात सरनौबती प्रतापराव गुजरांकडे गेली होती आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये ते नेसरीला पडलेही होते. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. ज्या राज्यासाठी घोडी दमवली, त्याचा तो सोहळा नेताजींच्या वाट्याला आला नाही. ते आले तेव्हा सरनौबतीवर हंबीरराव मोहिते होते.