दात, मान आणि कणा : एका नात्याचा इतिहास

आधी एक साधा प्रयोग करून पाहावा. खुर्चीत ताठ बसून जबडा सैल सोडावा, डोके मागे टाकावे आणि दात हलकेच मिटावेत. मग हनुवटी छातीकडे नेऊन पुन्हा तसेच करावे. बहुतेकांना दोन्ही वेळची टेक वेगळी जाणवेल. डोके मागे असताना खालचा जबडा किंचित मागे ओढला जातो, मान वाकवली की तो पुढे सरकतो. याचे कारण असे की खालचा जबडा कवटीला बिजागरीसारखा पक्का बसवलेला नसून स्नायूंच्या झोळीत टांगलेला आहे. या झोळीचे काही धागे गळ्यातल्या कंठिकास्थीवरून छातीच्या हाडापर्यंत आणि खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातात.

म्हणजे दातांची जुळणी आणि मानेची ठेवण यांचा संबंध आहे, यात वाद नाही. वाद आहे तो या संबंधाच्या दिशेचा. दात वाकडे म्हणून पाठ वाकते, की मान आणि पाठ वाकल्यामुळे दात बिघडतात? गेली शंभर वर्षे हा प्रश्न दंतवैद्यकात धुमसतो आहे. त्याच्या उत्तरावर अनेकांचे शाबूत दात आणि घामाचे पैसे अवलंबून राहिले आहेत, म्हणून हा इतिहास नीट लावून पाहण्यासारखा आहे.

नाकापासून सुरुवात

हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक वैद्यक ग्रंथसंग्रहात एक मार्मिक नोंद सापडते. लांबट डोक्याच्या काही माणसांची टाळू उंच कमानीसारखी असते, दात एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यांना डोकेदुखी व कान वाहण्याचा त्रास असतो, असा तिचा आशय आहे. टाळू, दात, डोके आणि कान यांची ही सांगड सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीची!

पुढे १८६१ साली जॉर्ज कॅटलिन या अमेरिकन चित्रकाराने श्वासोच्छ्वासावर एक पुस्तिका लिहिली. तो मूळ अमेरिकी जमातींमध्ये वर्षानुवर्षे राहून त्यांची चित्रे काढत असे. तोंडाने श्वास घेण्याची सवय चेहरा आणि दात बिघडवते, असे त्याचे ठाम मत होते. १८६८ साली कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरने नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथींच्या वाढीचे वर्णन केले आणि कॅटलिनच्या निरीक्षणाला शरीरशास्त्राचा आधार मिळाला. नाक चोंदलेले मूल तोंड उघडे ठेवते, हवेची वाट मोकळी करण्यासाठी मान मागे टाकते आणि जीभ खाली ठेवते. टाळूला आतून मिळणारा जिभेचा आधार गेला की वरचा जबडा अरुंद राहण्याचा संभव वाढतो. या साखळीतला पहिला दुवा नाक आहे, दात अगदी शेवटी येतात, हे ध्यानात ठेवावे.

सेंट लुइसचे दोघे

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराला या इतिहासात विशेष स्थान आहे. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या बिघडलेल्या जुळणीचे तीन वर्ग पाडले. वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेवर कशी बसते, हा त्यांचा निकष होता. पुढच्याच वर्षी त्यांनी याच शहरात दंतसमायोजनाची शाळा काढली. त्यांचे वर्ग आजही जगभर वापरले जातात. मात्र या यशाबरोबर एक समजही रुजला, की दातांची एक आदर्श जुळणी असते आणि तिच्यापासून ढळणे म्हणजे रोग.

याच शहरात जेम्स कॉस्टन नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. १९३४ साली त्यांनी अवघ्या ११ रुग्णांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला. कान दडे बसणे, कानात आवाज येणे, चक्कर आणि डोकेदुखी या साऱ्या तक्रारी त्यांनी जबड्याच्या सांध्याशी जोडल्या. दाढा पडल्या की जबडा मागे-वर सरकतो आणि कानाजवळच्या नसांवर दाब येतो, अशी त्यांची उपपत्ती होती. उपाय सरळ दिसत होता : दातांची उंची वाढवा.

हॅरी सिखर या शरीररचनातज्ज्ञाने १९४०च्या दशकात दाखवून दिले, की कॉस्टन सांगतात तसा दाब तिथल्या रचनेत पडूच शकत नाही. उपपत्ती कोसळली, पण तिच्यातून निघालेले उपचार टिकले. दाताची बैठक सुधारली की दूरचे दुखणे जाते, ही कल्पना त्या ११ रुग्णांनंतर कितीतरी दूर गेली.

पोलादी पट्ट्याची साक्ष

बाण उलट्या दिशेनेही जातो, याचा सर्वांत बोलका पुरावा दंतवैद्यकाबाहेरून आला. मणका बाजूला वळलेल्या मुलामुलींसाठी वॉल्टर ब्लाउंट आणि अल्बर्ट श्मिट यांनी १९४०च्या दशकात मिलवॉकी शहरात एक पट्टा तयार केला. कमरेला घट्ट कवच, त्यातून वर जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या, मानेभोवती कडे आणि हनुवटीखाली टेकण. वाढत्या वयातली मुले, त्यांतही मुलीच जास्त, दिवसाचे तेवीस-तेवीस तास हा पट्टा वर्षानुवर्षे घालत.

कणा काहीसा आटोक्यात राहिला, पण हनुवटीवरच्या सततच्या दाबाने दात हलले. दाढा हाडात दाबल्या गेल्या, पुढचे दात बाहेर झुकले, चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची वाढेनाशी झाली. कण्याच्या अशा उपचारांमुळे दाढांवर होणाऱ्या परिणामाची सूचना अटलांटाच्या सी. सी. हॉवर्ड यांनी १९२६ सालीच दिली होती. आर. जी. अलेक्झांडर यांनी १९६६ साली मिलवॉकी पट्ट्याचे परिणाम मोजून मांडले. पुढे हनुवटीचे टेकण काढून गळ्यालगतचा हलका साचा वापरात आला.

यातून दोन गोष्टी कळतात. शरीराकडून येणारा दाब पुरेसा आणि सततचा असेल, तर दात आणि जबडा वाकतात. मात्र त्यासाठी तो दाब तासन्‌तास, वाढीच्या वयात पडावा लागतो.

पुन्हा कोपनहेगन

मेयर यांच्याच शहरात बेनी सोलोव आणि आंत्ये टालग्रेन यांनी १९७६ साली १२० डॅनिश तरुणांच्या डोक्याची बाजूने क्ष-किरणचित्रे अभ्यासली. सहज उभ्या स्थितीत ज्यांचे डोके मानेच्या तुलनेत मागे कललेले, त्यांचा चेहरा सरासरीने लांबट आणि खालचा जबडा मागे असे. पुढच्या वर्षी सोलोव आणि स्वेन क्राइबोर्ग यांनी त्याचे स्पष्टीकरण मांडले. श्वासाची वाट अडली की डोके मागे जाते, चेहऱ्यावरची त्वचा आणि स्नायू ताणले जातात, आणि तो मंद ताण वाढत्या जबड्याला मागे-खाली रोखतो. इथेही साखळी वरून, श्वासापासून सुरू होते.

बाजार आणि न्यायालय

बाजाराने मात्र बाण उलटा धरला. १९६४ साली जॉर्ज गुडहार्ट या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने स्नायूंची ताकद दाबून रोग ओळखण्याची पद्धत काढली, आणि काही दंतवैद्यांनी ती उचलली. दातांत कापसाचा बोळा धरायचा, पसरलेला हात दाबायचा; हात ‘बळकट’ वाटला की जुळणी चुकीची ठरायची. १९८०च्या सुमारास अमेरिकी खेळाडूंत जबडा पुढे धरणारी साधने गाजली. खोट्या साधनाशी तुलना करून चाचण्या घेतल्या, तेव्हा ताकद वाढल्याचे दिसले नाही.

उलट्या तर्काचा फटका दंतवैद्यांनाही बसला. १९८७ साली मिशिगनच्या ज्यूरीने, दात काढून केलेल्या उपचारामुळे जबड्याचा सांधा बिघडल्याची एका तरुणीची तक्रार मान्य करून ८,५०,००० डॉलरची भरपाई दिली. हादरलेल्या व्यवसायाने संशोधनाला पैसा पुरवला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असा कार्यकारणसंबंध आढळला नाही. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेनेही सांध्याच्या दुखण्यावर आधी सौम्य आणि मागे फिरवता येण्याजोगे उपचार करावेत, असाच सल्ला दिला. डॅनिएले मॅनफ्रेडिनी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला. दातांची जुळणी आणि शरीराची ठेवण यांत भाकीत करता येईल असे नाते नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

घ्यायचे काय

वाकडे दात सरळ करण्याची कारणे भरपूर आहेत : चावणे, स्वच्छता, दातांची झीज, चेहऱ्याबद्दलचा संकोच. त्यांसाठी तार जरूर लावावी. पण ‘दात घासून बैठक बदलू, म्हणजे कंबरदुखी जाईल’ असे कोणी सांगितले, तर थांबावे. घासलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही, आणि पाठ दुखायची ती दुखतच राहते. कणा वळलेला दिसला तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. मूल रात्री तोंड उघडे टाकून घोरत असेल, तर दातांच्या आधी त्याचे नाक तपासून घ्यावे. या इतिहासातला सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ धागा तिथूनच निघतो.