कुर्ल्याची पद्मिनी आणि इटालियन स्पोर्ट्स कारचे कूळ

जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारच्या आकर्षणाची चर्चा बहुधा त्यांच्या घाटापाशी व वेगापाशीच थांबते. त्यांतील काहींचे कूळ मात्र महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाला येऊन मिळते. फियाटने १९३७ मध्ये '५०८ सी' या साध्या मोटारीत १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन बसविले. एन्झो फेरारी यांनी १९४० च्या मिल्ले मिल्या शर्यतीत उतरविलेली '८१५' याच मोटारीच्या भागांवर बेतलेली होती (तिच्यावर फेरारी हे नाव मात्र नव्हते). पिनिनफारिना यांनी घाट दिलेल्या 'चिसितालिया २०२' चे इंजिनही फियाट ११०० चेच. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये ही मोटार कलावस्तू म्हणून मांडली.

वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात याच कुळातील १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन 'पद्मिनी'त बसले. परवाना पद्धतीमुळे तिच्यात फारसा बदल झाला नाही, हे खरे. परंतु केवळ मागासलेपणाची खूण म्हणून तिची बोळवण करणे अन्यायाचे आहे. रस्त्याकडेच्या मिस्त्रीलाही खोलून दुरुस्त करता येईल असे हे यंत्र होते, आणि मुंबईच्या टॅक्सीचालकाचा संसार त्यावर चालला. अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. २० वर्षांची वयोमर्यादा भरताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती सेवेतून बाद झाली.