परक्या द्रव्याची हनुवटी

टिपूच्या कैदेंत नाक व एक हात गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानास पुण्याच्या एका कुंभारानें १७९३ सालीं कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिलें. ती हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें छापली गेली, आणि १८१४ सालीं कार्प्यू यानें तेथें तोच प्रयोग केला, हें वाचकांस ठाऊक असेलच. या कथेचा अभिमान आम्हांसही आहे; पण तींतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्या कारागिरानें कावसजीचें नाक कावसजीच्याच कातडीचें केलें.

युरोपांत पुढें हा संयम टिकला नाहीं. १८९९ सालीं व्हिएन्नाच्या गेर्सुनी यानें पॅराफिनासारखें द्रव्य त्वचेखालीं टोचण्याची रीत काढली. बसकें नाक घटकाभरांत उंच होई! परंतु तें मेण एका जागीं राहीना; सरकून भलतीकडेच गांठी धरी, आणि काढावयाचें म्हटल्यास भोंवतालचें मांसही कापावें लागे.

हनुवटी पुढें आणण्यासाठीं आज घालतात तो सिलिकोनचा तुकडा याच कुळांतला, मात्र पुष्कळ सुधारलेला. तो विरघळत नाहीं, आणि नकोसा झाल्यास बहुधा सुखरूप काढतां येतो. तथापि १९६९ सालीं अमेरिकेतील शस्त्रवैद्यांनीं असें दाखविलें कीं, अशा तुकड्यांखालचें जबड्याचें हाड झिजतें. हनुवटीचा स्नायु त्यास सतत हाडावर दाबीत असतो. त्यांतून तो वर, दांतांच्या मुळांकडे सरकला म्हणजे धोका अधिक. पुष्कळदां ही झीज थोडी होऊन थांबते, हेंही सांगितलें पाहिजे.

दुसरा मार्ग ओब्वेगेसर यानें १९५७ सालीं प्रसिद्ध केला: तोंडाच्या आंतून हनुवटीचें हाडच कापून पुढें सरकवावयाचें. आमच्या कुंभारास हा मार्ग पटला असता. तो निर्धोक मात्र नाहीं. खालच्या ओठाची जाणीव वाहणारी नस तेथूनच बाहेर पडते. ती ताणली वा दुखावली गेल्यास ओठ बधिर होतो, व ही भीति दोन्ही रीतींत आहे.

कावसजीस नाकच उरलें नव्हतें. येथें बहुधा धडधाकट माणूस आरशापुढून उठून येतो. आम्ही त्यास हंसत नाहीं, आंत गेलेल्या हनुवटीचें दुःख तिच्या धन्यासच ठाऊक. पण मूळ दोष जबड्याच्या ठेवणींत असेल, खालचे दांत वरच्यांशीं जुळत नसतील, तर पुढें नुसता तुकडा बसविल्यानें चावण्याची अडचण तशीच राहते. म्हणून दांतांची परीक्षा आधीं व्हावी, शस्त्राची गोष्ट मागून.