फूल, दोन पानं आणि आमचा फॅमिली ग्रुप

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपमधून पेडण्याचा माझा चुलतभाऊ 'लेफ्ट' झाला. कारण मीच. पेडणेकरांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या आणि आता म्हापशाला येऊन पार्किंग शोधत फिरतात, असा एक विनोद मला कुठूनसा आला होता. मी हसलो आणि पुढे ढकलला. काम अंगठ्याचं, वेळ तीन सेकंद. त्याची काजूची बाग एका प्रकल्पात गेलीय हे मला माहीत होतं. त्या तीन सेकंदांत ते आठवलं नाही, एवढंच.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आपल्या या म्हापशात मत मांडायला कधी काळी काय किंमत पडायची.

१७ फेब्रुवारी १९५४. पोर्तुगीज राज्य. म्हापशात एक मेजवानी होती. भाषणाच्या ओघात कोणी तरी म्हणालं की हे पोर्तुगाल आहे. तिथे शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले डॉ. पुंडलिक गायतोंडे बसले होते. ते एवढंच म्हणाले, की माझा याला निषेध आहे. बस्स. सभा नाही, पत्रक नाही. त्या एका वाक्यापायी त्यांना अटक झाली आणि थेट पोर्तुगालला रवाना केलं. आज आपण सकाळी चहा निवेपर्यंत चार निषेध नोंदवतो, तीन पाठिंबे देतो आणि मग दात घासायला जातो.

माझ्या स्वतःच्या आठवणी सुरू होतात १९६७ पासून. मी तेव्हा आठ वर्षांचा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर १६ जानेवारीला जनमत कौल होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबरात राजीनामा दिला होता. आता हे ऐकून हसू नका, असं खरंच व्हायचं.

आमचं मूळ घर पेडण्याचं. आजोबा दुकानामुळे म्हापशाला आलेले, कट्टर फुलवाले. भाऊसाहेब पेडण्याचे, त्यामुळे आजोबांच्या लेखी विषय संपलेला. त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही बाप्पा म्हणायचो, ते पेडण्यात राहून दोन पानांचे! फुलाच्या गावात पानं म्हणजे विचार करा. आजोबांच्या हातात 'गोमन्तक', बाप्पांच्या हातात 'राष्ट्रमत'. एक विलीनीकरणाच्या बाजूने, दुसरा विरोधात. गंमत बघा, दोन्ही पेपर मराठी. 'राष्ट्रमत'मधलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर बाप्पा मोठ्याने वाचायचे, तेही आजोबांना ऐकू जाईल असं. महाराष्ट्र नको हे सांगायला मराठीच लागली, असं आजोबा डिवचायचे. मराठी आपली म्हणून घर विकायचं काय, असं बाप्पांचं उत्तर. आज मला दोघांचंही पटतं, तेव्हा कोणाचंच कळत नव्हतं.

सगळ्यात हाल आजीचे. तिला जेवणानंतर विडा लागायचा. त्या महिन्यात घरात 'दोन पानं आण गो' म्हणायची सोय नव्हती. आजोबा कपाळाला आठ्या घालायचे. आजी मग 'डबा आण' म्हणायला लागली. अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला की बाप्पा म्हणायचे, वहिनी फुटली.

निकाल लागला. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. बाप्पांनी फटाके लावले म्हणे. दोघांचं बोलणं बंद. पुढे मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण नाकारलेल्या त्याच गोव्याने भाऊसाहेबांनाच परत मुख्यमंत्री केलं. लोकांनी प्रश्न आणि माणूस वेगळे ठेवले. आमच्या घरात मात्र ते जमेना.

मग आली चतुर्थी. गणपती मूळ घरी, पेडण्याला. तिथे माटोळी बांधायची. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, रानातली फळं लावलेली ती लाकडी चौकट एकट्याने चढत नाही. एक माणूस वर लागतो, एक खाली दोरी धरायला. आजोबा वर, बाप्पा खाली. आठ महिन्यांनी पहिला शब्द निघाला तो बाप्पांचा नव्हे, आजोबांचा. "ओड मरे, कितें पळयता?" बाप्पांनी दोरी ओढली. त्या दिवशी राजकारणावर कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी विसर्जनानंतर परत जोरात भांडले, पण समोरासमोर बसून, करंज्या खात.

आपल्या ग्रुपवर माटोळी नाही, हीच अडचण आहे. भांडायला सगळे हजर, दोरी धरायला कोणी लागत नाही.

आणखी एक. गोंयकार म्हणजे 'सुशेगाद', आळशी, असे मीम माझे भाचे मुंबईहून पाठवतात. त्यांना एकदा पहाटे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभं करायचंय. पेडण्याहून, डिचोलीहून मिरच्या, केळी, भाजीच्या पाट्या घेऊन बाया उजाडायच्या आत येतात. त्यांच्यासमोर तो मीम मोठ्याने वाचून दाखवावा. म्हापशातली मेजवानी किती महाग पडू शकते ते त्यांनाही कळेल.

तर मंडळी, गेल्या रविवारी बस पकडली, कोलवाळचा पूल ओलांडला आणि पेडण्याला भावाकडे गेलो. दार वहिनीने उघडलं. तो उरलेल्या चार काजूच्या झाडांखाली पाचोळा काढत होता. 'चुकलं रे' म्हणालो. त्याने वर न बघता दुसरा खराटा दाखवला. तासभर झाडलं. ग्रुपवर तो अजून आलेला नाही. पण चतुर्थीला लवकर ये, दोरी धरायला माणूस नाही, असं निघताना म्हणाला.

आजीने फूल दिलं की पानं, हे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. आजोबांनी विचारलं की डबा पुढे करायची.

तुमच्या घरात काय होतं, फूल की पानं? लिहा. भांडायचं असेल तर मात्र घरी या.