तिसऱ्या पिनेची गोष्ट

आजचा भाग आहे प्लगच्या तिसऱ्या पिनेवर. बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते ना, तीच.

सुरुवात 1886 पासून. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी भांडी धुण्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. ते हाताने फिरवायचं, त्यामुळे शॉकचा प्रश्नच नव्हता. पुढे मोटर आली, पाणी तापवणारा हीटर आला आणि पाणी आणि वीज एकाच डब्यात नांदायला लागली.

आता आपल्याकडे या. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, 1962 मध्ये राज्यात एमआयडीसी स्थापन झाली, 1972 मध्ये प्राधिकरण आलं. कामगारांची घरं उभी राहिली. तेव्हा वीज लागायची दिवे, पंखा आणि रेडिओला. वायरिंगही त्याच हिशोबाचं. मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामवाल्या मावशी येईनात आणि अनेक घरांत डिशवॉशर आला.

याचा हीटर साधारण 2000 वॅटचा. 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर. म्हणजे 6 अँपिअरचं सॉकेट चालणार नाही. 16 चंच हवं, तेही वेगळ्या लाईनवर. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच.

आणि तिसरी पिन लांब का? ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. हीटर खराब झाला की मशीनच्या पत्र्यात करंट उतरू शकतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर तुमच्या ओल्या हाताची वाट बघत बसतो.

"एमसीबी आहे की घरात!" असं म्हणाल. पण 16 अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाचा जीव जायला त्याच्या पाचशेव्या भागाइतका करंटही पुरू शकतो. तो पकडतो आरसीसीबी, घरासाठी 30 मिलिअँपिअरचा.

एक गंमत बघा. आरसीसीबीचं टेस्ट बटण अर्थिंग नसतानाही काम करतं. म्हणजे बटण दाबल्यावर ट्रिप झाला, तरी अर्थिंग आहे असं समजू नका. जुन्या घरात सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते! लायसन्स असलेल्या वायरमनकडून ते मीटर लावून तपासून घ्या.

चाकणला शिफ्टमध्ये आपण अर्थिंग नसलेल्या मशीनला हात लावत नाही. मग घरी आईला का लावू द्यायचा? आज घरी गेलात की आधी ते सॉकेट बघा. भेटू पुढच्या भागात!