गोव्यात मित्रांसोबत रात्र कशी घालवावी? दहाचा नियम, समुद्र आणि परतीची गाडी

‘गोव्याला जाऊया’ हा प्लॅन मराठी मित्रमंडळींच्या प्रत्येक ग्रुपवर वर्षातून एकदा तरी ठरतो आणि बहुतेक वेळा मोडतो. जेव्हा तो खरंच पार पडतो, तेव्हा चर्चा हॉटेल, बीच आणि क्लब यांचीच होते. रात्री एक वाजता वागातोरच्या चढावर उभं राहून खोलीवर परतायचं कसं, याचा विचार मात्र कुणीच केलेला नसतो. गोव्यातली रात्र मजेत जायची असेल, तर ती कशी चालते हे थोडं आधी समजून घ्यायला हवं.

रात्री दहा वाजता काय बदलतं?

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली देशभर लागू झाले. त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. बंदिस्त सभागृहांना मात्र सूट आहे.

म्हणून गोव्यातली रात्र दोन भागांत विभागली जाते. दहापर्यंतचा वेळ वाळूवरच्या शॅकचा आणि उघड्यावरच्या संगीताचा. त्यानंतर गर्दी बंद दरवाजाआडच्या क्लबकडे सरकते. दक्षिण गोव्यात पाळोळेला यावर एक गमतीशीर तोडगा निघाला: हेडफोनवाली पार्टी. प्रत्येकाच्या कानात गाणी वाजत असतात, शेकडो माणसं नाचत असतात आणि बाहेर फक्त लाटांचा आवाज असतो.

हा नियम पर्यटकांचा विरस करायला केलेला नाही. हणजूण, वागातोर ही माणसांची गावं आहेत. तिथे म्हातारी माणसं झोपतात, मुलं परीक्षेचा अभ्यास करतात. नियम मोडून वाजणाऱ्या संगीताविरुद्ध तिथले रहिवासी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेले आहेत.

कुठे काय मिळतं?

कळंगुट आणि बागा: सर्वात जास्त गर्दी, शॅक, बार आणि बॉलिवूड गाणी. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण इथेच थांबतात.

हणजूण आणि वागातोर: १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे परदेशी हिप्पी येऊ लागले. त्यांच्या पौर्णिमेच्या पार्ट्यांतूनच पुढे ‘गोवा ट्रान्स’ हा संगीतप्रकार जन्माला आला. आजही इलेक्ट्रॉनिक संगीताचा ओढा इकडेच आहे.

हडफडे: हंगामात भरणारा शनिवारचा रात्रबाजार. खरेदी, खाणं आणि गाणं एकाच ठिकाणी असल्यामुळे न पिणारे मित्रही इथे कंटाळत नाहीत.

पणजी: मांडवीतले तरंगते कॅसिनो आणि जुन्या वस्तीतले छोटे बार. कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. संध्याकाळनंतर गाड्यावर मिळणारं रोस ऑम्लेट, म्हणजे कोंबडीच्या रश्श्यात बुडवलेलं ऑम्लेट आणि सोबत पाव, चुकवू नका.

पावसाळ्याआधी, मे संपताना, वाळूवरचे शॅक उतरवले जातात. जून ते सप्टेंबरमध्ये गेलात तर किनाऱ्यावरची ही रात्र दिसणार नाही.

क्लबमध्ये शिरण्याआधी

अनेक क्लब फक्त पुरुषांच्या ग्रुपला प्रवेश देत नाहीत किंवा जास्त पैसे घेतात. कव्हर चार्जमध्ये खाणं-पिणं धरलं आहे का, हे दारातच विचारा. रस्त्यावर ‘स्वस्तात एंट्री देतो, डान्स बार दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. आत नेऊन धमकावून पैसे उकळल्याच्या तक्रारी पोलिसांकडे अनेकदा आल्या आहेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डिसेंबर २०२५मध्ये हडफड्यातल्या एका नाइटक्लबला मध्यरात्री आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. मृतांमध्ये बहुतेक तिथे काम करणारे कर्मचारी होते. त्यामुळे आत गेल्यावर टेबल शोधण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट शोधा. एकच अरुंद दार असेल, आत खच्चून गर्दी असेल किंवा छताखाली आतषबाजी चालली असेल, तर तिथून निघा. चुकल्यास कुठे भेटायचं, ती जागाही सगळ्यांनी ठरवून ठेवा.

रात्रीचा समुद्र

गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८पासून प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे, पण ती दिवसाउजेडासाठी. अंधार पडल्यावर पाण्यात गेलेल्या माणसाला वाळूवरून पाहणारं कुणी नसतं. किनाऱ्याकडून आत ओढणारा प्रवाह गुडघाभर पाण्यातही पाय उचलतो आणि अंधारात तो ओळखता येत नाही. प्यायलेल्या माणसाचा तोल आणि अंदाज दोन्ही गेलेले असतात. हणजूण-वागातोरला खडकही आहेत. म्हणून नियम एकच: सूर्य बुडाला की पाय ओले करण्यापलीकडे जायचं नाही.

परतायचं कसं?

गोव्यातल्या रात्रीचा सर्वात कच्चा दुवा हाच. कदंबच्या बस संध्याकाळनंतर कमी होत जातात. काळ्या-पिवळ्या दुचाकीवरून नेणारे ‘पायलट’ दिवसा सहज दिसतात, मध्यरात्री क्वचित. टॅक्सी महाग पडते आणि ऐनवेळी मिळेलच असं नाही. सरकारच्या पुढाकाराने २०१८मध्ये ‘गोवा माइल्स’ हे टॅक्सी अ‍ॅप सुरू झालं. ते फोनमध्ये घेऊन ठेवा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

मग बहुतेक जण भाड्याच्या स्कूटरवर परततात आणि तिथेच घात होतो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा रस्ता जास्त निर्दयी आहे: अरुंद वळणं, अंधार, मध्येच बसलेली गुरं. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने दारू उतरत नाही. ती फक्त वेळेने उतरते.

तीन उपाय आहेत. जिथे रात्र घालवायची, तिथून चालत जाता येईल अशी खोली घ्या. ते जमत नसेल तर जाताना ज्या टॅक्सीने जाल, त्याच चालकाशी परतीची वेळ आणि भाडं ठरवा. किंवा रोज एकाने न पिता गाडी चालवायची, अशी पाळी लावा. ज्याची पाळी त्याचं जेवण बाकीच्यांनी द्यायचं.

स्कूटर घेतलीच, तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे.

हेही लक्षात ठेवा

उघड्यावर, म्हणजे किनाऱ्यावर किंवा रस्त्यात बाटली उघडणं दंडनीय आहे. २०१९मध्ये यासाठी एकट्याला २,००० आणि ग्रुपला १०,००० रुपये दंड ठरला, पुढे तो आणखी वाढवण्यात आला.

अमली पदार्थांबाबत ‘गोव्यात चालतं’ हा गैरसमज आहे. देशभरातला १९८५चा कायदा इथेही लागू आहे.

परतताना गोव्यातली स्वस्त दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात.

कुणी जास्त प्यायलं, तर ‘झोपू दे’ म्हणून एकट्याला सोडू नका. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. हाक मारून उठत नसेल, श्वास मंद झाला असेल किंवा अंग गार पडलं असेल, तर लगेच १०८ला फोन करा. पोलिसांसाठी ११२.

आणि एक साधी सवय: जितके जण बाहेर पडलात, तितके जण परत आलेत का, हे खोलीचं दार लावण्याआधी मोजा.